यंदाची खूण

दिवस तिसरा

बाळंत झाल्यावर तिसऱ्याच दिवशी कामावर आले. खरं तर जिचं पोर ऊबघरात आहे तिने चाळीस दिवस तिथे काम करायचं नसतं. पण यंदाच्या भरतीत गडाने बायकाही नेल्या, त्यामुळे हात कमी पडतात. मी कारणं पाठ करून गेले होते. दारात ऊबघर सांभाळणारी थोरली उभी होती. तिने काही विचारलंच नाही. "शेगडी मला एकटीला होत नाही. चालवतेस का?" म्हणाली आणि पाठ फिरवून आत गेली. अकरा वर्षं तिच्या हाताखाली आहे मी. कशी आहेस, एवढं विचारण्याइतकीही माया त्या बाईच्या अंगात नाही.

आत एकतीस टोपल्या आहेत. शेगडीभोवती तीन फेऱ्यांत मांडलेल्या, दर पाळीला प्रत्येक टोपली एकेक जागा पुढे सरकवायची, म्हणजे ऊब सगळ्यांना सारखी मिळते. सगळी पोरं राखाडी, डोळे मिटलेली, जन्मकातीत घट्ट गुंडाळलेली. महिन्याभराने ती कात गळते. तेव्हा अंगाचा वास, रंग, रडण्याचा सूर सगळं बदलतं आणि नवंच पोर बाहेर येतं. मग चाळिसाव्या दिवशी चिठ्ठ्या काढून ती घरोघर वाटतात. कोण कुणाचं हे कुणाला माहीत नसतं. माहीत असू नये म्हणूनच ऊबघर आहे.

माझं ह्यांत कुठेतरी आहे.

शेगडीच्या नोंदी ठेवायला आम्हाला झाडाच्या साली मिळतात. टोच्याने टोचून लिहायचं, बोट फिरवून वाचायचं. उरलेल्या सालींवर हे लिहिते आहे. घरी बोलायला कुणी नाही, आणि मी भिंतीशी बोलायला लागावं म्हणून गल्लीतले टपूनच बसलेत.

दिवस चौथा

पाजायच्या वेळी शेगडीवर झाकण घालतात. इतका काळोख होतो की आमच्या डोळ्यांनाही काही दिसत नाही. यंदा बाळंत झालेल्या बायका भिंतीला टेकून रांगेने बसतात आणि थोरली हाताला येईल ते पोर येईल त्या मांडीवर देते. आज मीही बसले. पहिलं चावरं निघालं. दुसरं पिता पिता झोपलं. तिसऱ्याने माझी वेणी धरली ती सोडेचना.

गडावरचे आम्हाला गॉब्लिन म्हणतात. शब्दाचा अर्थ काय कोण जाणे, पण म्हणून झालं की ते थुंकतात. आम्हीही स्वतःला तेच म्हणतो, कारण दुसरं काही ठरवायला पंचांना अजून सवड झालेली नाही. पूर्वी म्हणे आमच्यातही ज्याचं पोर त्याच्याच घरी वाढायचं. मग गडाने माणसं मागायला सुरुवात केली, दहात एक. जो तो शेजाऱ्याचं पोर पुढे करू लागला. गल्ल्यागल्ल्यांत सुरे निघाले. तेव्हापासून ऊबघर. आपलं कुठलं हेच कळलं नाही तर कुणाला वाचवणार आणि कुणाला ढकलणार?

हे मी स्वतः अकरा वर्षं नव्या आयांना समजावून सांगत आले आहे. छान सांगते मी. दोघीतिघी तर ऐकून रडायच्या थांबल्या होत्या.

सापडलं. मी शोधत नव्हते असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. शोधायलाच तिसऱ्या दिवशी उठून आले. माझ्या वेळी नेहमीची सुईण तापाने पडली होती, म्हणून पलीकडच्या गल्लीतली डावरी सुईण आली. यंदा इकडे तिने केलेलं हे एकच बाळंतपण. नाळेची गाठ तीस पोरांची उजवीकडे वळलेली आहे, एकाची डावीकडे. मुलगी आहे.

दिवस सहावा

नाळ उद्या-परवा गळेल. मग माझी मुलगी बाकीच्या तीस पोरांत मिसळून जाईल. काल दिवसभर स्वतःला समजावलं. मीच नव्या आयांना सांगते ते सगळं स्वतःला सांगितलं. एका शब्दाचा उपयोग झाला नाही.

आज थोरली पाणी आणायला गेली तेव्हा लिहायच्या टोच्याने माझ्या मुलीच्या डाव्या कानाच्या घडीत भोक पाडलं. तिळाएवढं, पण आरपार. आमचे कान केवढाले, घडी पडलेली, तिथे कोण बघतंय. कात गळली तरी भोक राहील. ती रडली नाही. नुसता श्वास रोखून धरला आणि मग सोडला. मीही तेच केलं.

सापडलं तर काय होतं ते मला माहीत आहे. आईला माहीत असलेल्या पोराला 'ओळखीचं पोर' म्हणतात. तिथे विचारपूस नाही, दयामाया नाही. त्याच दिवशी टोपलीसकट गडाच्या खालच्या दारात नेऊन ठेवायचं. टोपली दुसऱ्या दिवशी परत मिळते.

पण पंचांच्या चाचपणीला अजून जवळजवळ महिना आहे. आणि दरवर्षीचा चाचपणीस म्हणजे एका पंचाचा म्हातारा सासरा. येतो, सालाची खूण तेवढी चाचपतो आणि जांभया देत जातो. सालाची खूण म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्या पोरांना कात गळण्याच्या दिवशी करायची एकसारखी खूण. माझ्या सालच्या कुणालाच डाव्या करंगळीचं नख नाही. नवऱ्याच्या सालच्यांची नाकपुडी चिरलेली. नणंदेच्या सालच्यांच्या टाचेला डाग दिलेला. नवं माणूस भेटलं की आम्ही आधी खूण चाचपतो आणि मग बोलतो. एका खुणेचे असतील तर ते सालभाऊ, सालबहिणी, रक्ताचं नातं नसलं तरी जीव टाकणारे. खूण पंच ठरवतात आणि थोरली करते. त्या दिवशी ती मला कुठेतरी बाहेर पिटाळते. मला हात लावू देत नाही, माझ्यावर भरवसाच नाही तिचा.

दिवस सातवा

नाळ गळली. भोक आहे. मला माझं पोर माहीत आहे.

दिवस अकरावा

नणंद आली होती. यंदा पोर मिळणाऱ्या घरांच्या यादीत तिचं घर आहे. आल्या आल्या शेगडीजवळची जागा बळकावली आणि पाय शेकत बसली.

"आमच्या धुरकटाचं काही कळलं का गं?" हे माझ्या नवऱ्याबद्दल. गल्लीतली धुराडी साफ करायचा तो. सात महिन्यांपूर्वी त्याला भरतीत वर नेलं. पोटात पोर आहे हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

"गडावरून कधी कुणाचा निरोप आलाय का, वन्सं?"

"नाही, म्हटलं गडावरही धुराडी असतीलच. ठेवतील त्याला." मग जरा वेळाने म्हणाली, "वहिनी, एखादं शांत पोर बघून ठेव की माझ्यासाठी."

"चिठ्ठीत निघेल ते घ्यायचं."

"चिठ्ठी निघेल ती घराची. टोपली तर तूच उचलून देणार ना? सुताराकडे गेलेलं ते पोर बघ, सात वर्षांचं झालं तरी गळा काढतंय. मला असलं झेपायचं नाही हो."

तिला झापलं. पंचांची, गडाची, सगळ्यांची भीती घातली. ती नाक मुरडत गेली.

ती गेल्यावर डोक्यात उजेड पडला. ऊबघरात काम करणारीच्या घरी पोर देत नाहीत, हा नियम आहे. पण थोरली चिठ्ठी काढून घर पुकारते आणि रांगेतली पुढची टोपली मी देते. पुढची कुठली हे बघायला कोण बसलंय? माझी मुलगी नणंदेकडे गेली तर मी तिची मामी. रोज जाता येईल. केस विंचरता येतील. नणंद जरा बडबडी आहे, पण उपाशी ठेवणारी नाही.

दिवस सोळावा

लिहिण्यासारखं काही झालं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. बरे दिवस आहेत. पाजायच्या वेळी काळोखातच अशी बसते की थोरलीच्या हातातलं पोर मी आधी घेते, कान चाचपते, नसेल तर शेजारणीला देते. माझी आली की सोडत नाही. काल तिला माझ्या अंगावरच ढेकर आली.

बाकीच्या बायकांचं मात्र मला नवल वाटतं. पाजून झालं तरी उठत नाहीत. दिवेवाली प्रत्येक पोराच्या पायाची बोटं चोळत बसते, म्हणे गार लागतात. कुंभारीण रोज नवं शेवाळ घेऊन येते आणि एकेका टोपलीत डोकं घालून हुंगते. ह्यांना घरी कामधंदे नाहीत का? आणि थोरली, जी मला एक घटकासुद्धा बसू देत नाही, ती त्यांना काही बोलत नाही.

घरी आलं की कंद उकडते. एकटीसाठी उकडायचा म्हणजे अर्धा उरतोच. तो सकाळी खाते. नवऱ्याचे ब्रश अजून खुंटीला आहेत. मागच्या आठवड्यात खोलीत धूर कोंडायला लागला तेव्हा कळलं की आमचं धुराडंही तुंबलंय. ब्रश काढला आणि परत लावून ठेवला. धूर सहन होतो.

दिवस बाविसावा

पलीकडच्या ऊबघरात ओळखीचं पोर सापडलं. दिवेवालीने पाजता पाजता सांगितलं. तिकडची कात आठवड्यापूर्वीच गळली. कुणा आईने कात गळत असतानाच पोराच्या पायाच्या अंगठ्याला स्वतःचा केस बांधला होता. चाचपणीस नवा आलाय, म्हातारा घरी बसला. "ह्याचा हात फार बारीक आहे," दिवेवाली म्हणाली. "नखांच्या खाली बघतो. कानाच्या घडीत बोट घालतो. केस सापडला आणि दुपारी टोपली वर गेली."

"आणि आई?" कुणीतरी विचारलं.

"आई कोण ते कुणाला कळतंय. ती गप्पच राहिली असेल. काय करेल?"

"दूध पाजा," थोरली म्हणाली. "तोंडं नंतर चालवा."

 हा नवा चाचपणीस आमच्याकडे बत्तिसाव्या दिवशी येणार आहे.

दिवस चोविसावा

भोक बुजवायचा प्रयत्न करते आहे. टोपल्यांच्या दुरुस्तीचा डिंक असतो, तो भरते. पाजताना निघून येतो. पुन्हा भरते. कान सुजलाय. ती आता त्या कुशीवर झोपत नाही.

कानाचा तेवढा तुकडाच कापून टाकावा असंही मनात आलं. टोच्या हातात घेतला होता. ठेवला.

दिवस सत्ताविसावा

थोरलीला सांगून टाकायचं ठरवलं. ती पंचांची बाई आहे, चाळीस वर्षं ऊबघर चालवलंय, नियमाबाहेर केसभर जायची नाही. तरी ठरवलं. निदान काय करायचं ते ती सांगेल. ती कढई खरवडत होती.

"थोरल्याबाई, समजा एखादीच्या हातून चूक झाली..."

"समजा-बिमजा मला कळत नाही. डिंक का संपतोय एवढा?"

मी एक टोपली पुढे ओढली. "टोपल्यांना लावते. भेगा पडल्यात."

ती उठली, फळीवरून तेलाची कुपी काढली आणि माझ्या हातात दिली. "हे लाव. डिंकाने चिघळतं."

"काय चिघळतं?"

"टोपल्या," ती म्हणाली आणि पुन्हा कढई घेतली.

टोपल्या कशा चिघळतील? वय झालंय तिचं, काहीही बोलते. आता ह्या बाईला काय सांगायचं आणि तिच्या काय डोक्यात शिरणार? तेल मात्र मुलीच्या कानाला लावलं. सूज उतरली.

एवढी माणसं आजूबाजूला आहेत. रोज तीस बायकांच्या मांडीला मांडी लावून बसते. एकीलाही सांगता येत नाही. तो असता तर त्याला सांगितलं असतं. तो काही करू शकला नसता, नुसता चिडला असता, पण दोघांना माहीत असलं असतं.

दिवस एकतिसावा

सकाळी पहिलं पोर तडकलं. पाठीवर कात फाटली आणि आतून ओलं, हिरवट, चमकदार अंग दिसलं. दुपारपर्यंत सगळी तडकायला लागतात. मी तिच्या टोपलीजवळच घुटमळत होते. जुन्या कातीत तिला शेवटचं बघून घ्यावं म्हणून.

"तुझा टोच्या दे जरा," थोरली म्हणाली. "माझा बोथट झालाय."

दिला.

"आता राख आण. मोठ्या भट्टीवरची."

"मोठ्या भट्टीवरची? जवळची चालत नाही का? जाऊन यायला दिवस जाईल."

"जाईल. मऊ असते ती."

दरवर्षी हेच. पण आज, आजच्या दिवशी. उद्या चाचपणी, आज शेवटचा दिवस, आणि मी टोपलं डोक्यावर घेऊन राखेसाठी वणवण करते आहे. सगळ्या वाटेने तिला शिव्या दिल्या. परत आले तर ती दारात बसून होती. हात कोपरापर्यंत काजळीने माखलेले, डोळे लाल.

"आत नको जाऊ. नव्या कातड्याला गार हात नको."

"एकदा बघते नुसतं."

"घरी जा. जेव काहीतरी."

घरी आले. टोच्या तिच्याकडेच राहिला, सुईने लिहिते आहे, त्यामुळे टोचलेलं नीट उमटत नाही. मला उद्याचा दिवस जगायचा नाही. उद्या सकाळी तो येणार, तिच्या कानात बोट घालणार आणि मी समोर उभी असणार. आणि मला गप्प उभं राहायचंय. रडले तर मी कोण ते कळेल. कळलं तर कळू दे. पण मी ओरडले तरी ती टोपली वर जाणारच आहे.

तिला ओळखून माझ्याआधी कुणी बघितलं नव्हतं. मी बघितलं, म्हणून ती जाणार.

दिवस बत्तिसावा

झालं. क्रमाने लिहिते.

चाचपणीस मधल्या वयाचा, सडपातळ, अगदी शांत आवाजाचा माणूस. आधी हात धुतले, शेगडीवर शेकले. पोरांना गार लागू नये म्हणून. त्या गोष्टीचाच मला जास्त राग आला. थोरली एकेक पोर उचलून त्याच्या मांडीवर देत होती. मी दाराशी उभी. दिवा नव्हता, शेगडीचा लाल उजेड तेवढा.

पहिलं पोर. टाळूपासून सुरुवात केली. डोकं, मान. मग उजवा कान, मग डावा. डाव्या कानाच्या घडीत त्याचं बोट थांबलं.

"इथे भोक आहे," तो म्हणाला.

 पहिलंच पोर माझं निघावं. मी एक पाऊल पुढे टाकलं होतं, कशासाठी ते मला माहीत नाही.

"हो," थोरली म्हणाली.

त्याने बाकीचं अंग चाचपलं, पोर परत दिलं, दुसरं घेतलं. डोकं, मान, उजवा कान, डावा कान. "इथेही आहे."

"हो."

तिसरं. चौथं. मी मोजत होते. सातव्यापर्यंत मला काही कळलंच नाही. तो रोज हजार पोरं चाचपत असल्यासारखा शांतपणे पुढे जात होता आणि प्रत्येक डाव्या कानाच्या घडीत त्याचं बोट थांबत होतं. एकतिसावं परत देताना म्हणाला, "यंदाची खूण कान. चांगली आहे, झाकलेली राहते. गेल्या वर्षीसारखी विद्रूप नाही." थोरलीने मान हलवली. तो हात धुऊन गेला.

जिवात जीव आला. मी खाली बसले. मुलगी वाचली, मुलगी वाचली, एवढंच डोक्यात. मग उठले आणि टोपल्यांकडे गेले. एकेका टोपलीत हात घातला. नवं कातडं, नवा वास, एकसारखे आवाज, आणि प्रत्येक कानात तिळाएवढं भोक, सगळ्यांना एकच काजळी लावलेली. टोपल्याही तिने कालच उलटसुलट केल्या होत्या. तीन फेऱ्या चाचपल्या मी. चौथी सुरू केली तेव्हा थोरलीने माझं मनगट धरलं.

"पुरे. जागी होतील."

"कुठली?" मी विचारलं. "तुम्हाला माहीत असेल. आधीचं भोक होतं ती कुठली?"

"ते पुन्हा टोचलं. मग कात पडली, सगळी सरमिसळ झाली. मलाही नाही सांगता येणार."

"मुद्दाम केलंत."

"हो."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, दरवर्षी खूण कोण ठरवतं, पंच ना?

"पंचांना काय कळतंय. जिला राहवत नाही, ती ठरवते."

"आणि कुणीच तसं केलं नाही तर?"

"चाळीस वर्षांत एकदाही तसं झालं नाही. यंदा तिघी होत्या. दोघींच्या खुणा कातीबरोबर गळल्या. तुझी खोल होती." तिने माझा टोच्या माझ्या हातात ठेवला. "पुढच्या वेळी धार लावून ठेव. टोच्या मोडायची पाळी आली होती."

"आणि तुम्ही? तुमचं पोर..."

"शेगडी बघ," ती म्हणाली. शेगडी व्यवस्थित होती.

दिवस तेहतिसावा

कामावर गेले नाही. दिवसभर डाव्या करंगळीकडे बघत पडून राहिले. नख नाही. माझ्या सालचे आम्ही अठ्ठावीस. त्यातल्या एकाचंच नख कुणीतरी आधी उपटलं असणार, बाकीच्यांचं कात गळली त्या दिवशी. ते कसं उपटलं असेल? दातांनीच उपटलं असेल.

मी ती एक असेन का, हा विचार मला आज पहिल्यांदा आला. आठवतं तसं आमच्या अठ्ठावीसांतल्या कुणीच ह्या खुणेबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

दिवस छत्तिसावा

नणंद आली. "ठेवलंस ना बघून?"

"ठेवलंय."

"शांत आहे?"

"आहे."

"कुठलं गं? नुसतं दाखव की."

जी जवळ होती त्या टोपलीकडे बोट दाखवलं. ती वाकून बघत राहिली, तोंडाने चक् चक् करत. जाताना माझ्या गालाला हात लावून गेली. अंगात ताप आहे का म्हणाली.

पाजायला बसले. काळोखात थोरलीने मांडीवर दिलं ते घेतलं. कान चाचपला नाही. प्यायलं, झोपलं. दुसरं दिलं. ते प्यायलं. दूध कुणाच्या नावाने येतं ते त्यालाही माहीत नाही, सगळ्यांना सारखंच येतं. त्याचीच मला चीड आली.

शेजारी कुंभारीण होती. पाजून झालं तरी उठेना. मीही उठले नाही. आम्ही बराच वेळ तशाच बसलो.

दिवस चाळिसावा

सकाळपासून दाराबाहेर एकतीस घरं उभी होती. नवी चादर, नवी टोपरी, उगीचच मोठ्याने बोलणं. थोरली आत मध्यभागी बसली. चिठ्ठी काढायची, घर पुकारायचं. मी टोपलीतून पोर उचलून द्यायचं. दरवर्षी देते. मागच्या वर्षापर्यंत मला ह्या दिवसाचं कौतुक होतं.

"विणकर."

पहिल्या टोपलीत हात घातला. पोराने माझं बोट धरलं. हीच असेल, असं मनात आलं. विणकराच्या बायकोच्या हातात दिलं.

"दळणवाली."

दुसरी टोपली. हलकी होती. मानेला घाम होता, माझ्यासारखाच, मला झोपेत मानेला घाम येतो. हीच असेल. दिली.

तिसरी उचलताना डोळे मिटले. वाटलं, बघितलं नाही तर सोपं जाईल. उलट झालं. हाताला पोर लागलं आणि हीच, हीच, हीच असं आत कुणीतरी म्हणायला लागलं. दिली. चौथी दिली. दहाव्याला वाटलं सवय होईल. अकरावीने माझ्या अंगाला अंग लावून डोकं टेकवलं आणि मी एवढा वेळ उभी राहिले की थोरलीने खोकून मला जागं केलं. दिली.

सतरावी चिठ्ठी नणंदेची. जे पुढचं होतं तेच उचललं. ते हात-पाय झाडत बोंबलत होतं.

"वहिनी, हेच ना ते शांत?" ती माझ्या कानाशी म्हणाली.

"हेच," मी म्हटलं. खोटं बोलायचा विचार नव्हता. त्या क्षणी मला तसंच वाटत होतं.

"आता काय झालंय ह्याला?"

"घरी गेलं की होईल शांत. मी येत जाईन."

ती हसली.  पोराला छातीशी धरून ती बाजूला झाली.

मग दिवेवाली, मग कुंभारीण, मग न्हावी. कुंभारणीने घेतलं तेव्हा तिने आधी डावा कान चाचपला आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तीसपर्यंत आले तेव्हा बाहेरचा आवाज कमी झाला होता, बहुतेक जण गेले होते. एकतिसावं घर एका म्हाताऱ्या भावाबहिणीचं. ती दोघं सगळ्यांत शेवटी, भिंतीला धरून आली. बहिणीला पोर कसं धरायचं तेही माहीत नव्हतं. मी तिचे हात नीट करून दिले, मान कुठे, पाठ कुठे. पोर तिच्या हातात ठेवलं.

बाकीच्या आयांनी आपलं पोर दिलं ते जन्माच्या दिवशी, एकदाच. मी माझं आज एकतीस वेळा दिलं. ती दोघं दारातून बाहेर गेली तरी माझे हात तसेच पुढे राहिले होते. थोरली उठून आली. तिने ते धरले आणि खाली केले.